ज्याचं असेल त्याला

कोर्लईहून सकाळच्या एसटीला निघाले तेव्हा बेनित झोपला होता. सासू ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. तिला घरात सगळेच माय म्हणतो. वर न बघता म्हणाली, "जा गो एकदाची. तुझ्याआधी पण पोरं वाढलीत या घरात."

"उठला की आधी त्याला..."

"लंगोट बदलीन, पेज पाजीन, आणि तुझी आई पळून गेली म्हणून सांगेन. जा."

रेवदंड्याच्या पुलावर फोन काढला आणि परत पिशवीत टाकला. चौल मागे पडेपर्यंत उजवा तळहात मांडीवर उताणा ठेवून बसले होते. त्याला दुसरं काही काम येत नव्हतं.

आमची पहिली, रेजिना, तान्ही असताना गेली. ताप नाही, खोकला नाही. सकाळी पाजायला उचलली तर गार होती. बेनित झाल्यापासून मी रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून पडायची. श्वास खाली गेला की वर येईपर्यंत माझा रोखून धरायची. झोप अशी नव्हतीच. नवरा बोटीवर, त्याला फोनमध्ये माझा चेहरा दिसायचा. त्यानेच फादरना कळवलं.

फादर फार बोलले नाहीत. "पोराला देवाच्या हाती देतेस," म्हणाले, "पण स्वतःचा हात काढत नाहीस." मग म्हणाले, उपवासकाळ आहे, प्रभूसुद्धा एकटा डोंगरावर जायचा. तूही एक दिवस जाऊन ये.

डोंगर आमच्या गावालाही आहे. पण तिथून घराची कौलं दिसतात, आणि बेनित रडला असता तर वाऱ्याबरोबर वर ऐकू आलं असतं. म्हणून अलिबागजवळचा सागरगड. कॉलेजात असताना चढले होते, वाट माहीत होती.

पायथ्याच्या खंडाळे गावापासून चढायला लागले. धबधबा आटलेला, काळ्या कड्यावर नुसत्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा. करवंदीला फुलं आली होती, वास गोड आणि जड. पायाखाली पानं मोडत होती, बाकी आवाज नाही. सिद्धेश्वरापाशी जरा टेकले आणि पुढे निघाले.

माचीवर एका घरासमोर पाणी मागितलं. काशी नावाची बाई होती, तिचा आवाज असा की अख्ख्या माचीला आमचं बोलणं कळावं.

"एकटीच? नवऱ्याशी भांडून आलीस व्हय?"

"नाही ओ. प्रार्थनेला."

"मग देऊळ न्हाय तुमच्यात? आमच्या डोंगरावर कशाला?" आणि स्वतःच हसली. मग माझ्या कुडत्याकडे बघून थांबली. "पोर अंगावर पितंय ना? कुनाकडं ठेवलंस?"

"सासूकडे."

"लवकर फिर गो मग. अंग दुखंल."

गडावर कोणी नव्हतं. वाळलेलं गवत गुडघ्यापर्यंत, आणि पठारावर एकसारखा वारा. महादेवाच्या देवळाच्या खालच्या अंगाला पाण्याचं टाकं आहे. त्याच्यापुढे एका पडक्या भिंतीच्या आडोशाला बसले. पश्चिमेला समुद्र पांढरा दिसत होता. दक्षिणेला आमची टेकडी असणार, पण धुरकट होतं.

जपमाळ केली. मग शब्द संपले आणि मी नुसतीच बसले. किती वेळ ते कळलं नाही. वारा पडला. शेवटी मी मोठ्याने म्हटलं, मराठीत नाही, आमच्या घरच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत: आज रात्रीपासून हात ठेवणार नाही. अंधारात चाचपून बघणार नाही. तो तुझा आहे, तू बघ.

बोलले आणि रडले. आणि रडताना पान्हा फुटला.

दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्या होत्या. कुडता भिजला. पिळून टाकण्यावाचून इलाज नव्हता. सासूच्या माहेरची याबद्दल एक रीत आहे. दूध कुठेही सांडायचं नाही, स्वच्छ जागी सोडायचं, क्रूस करायचा, आणि ज्या पोराचं दूध त्याचं नाव घ्यायचं. "नाव घेतलं की दूध त्याचंच राहतं," असं माय म्हणते. रेजिना गेली तेव्हा दूध थांबत नव्हतं. माय मला ओहोटीला खडकावर घेऊन जायची, मी पिळायची, आणि नाव तीच घ्यायची, कारण माझ्या तोंडून येत नव्हतं.

भिंतीतून निखळलेल्या एका चिऱ्याला वाटीएवढा खळगा होता. पुसून घेतला. उजव्या बाजूचं दूध त्यात सोडलं. क्रूस केला आणि बेनितचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

घेतलं नाही. आताच तर म्हटलं होतं, तो तुझा आहे. मग लगेच माझं-माझं कशाला? एवढा विश्वास टाकलाच आहे तर हेही त्याच्यावरच सोडावं, असं वाटलं. म्हटलं, "ज्याचं असेल त्याला."

मग डाव्या बाजूसाठी रुमाल उघडला, पाठ फिरवून बसले.

मागे आवाज आला. लहान, ओला. थांबून थांबून येणारा.

तो आवाज कुठल्याही आईला झोपेतसुद्धा कळतो.

वळले. कोणी नव्हतं. गवत हलत नव्हतं. खळगा रिकामा होता. दगड तापलेला होता, दूध शोषून घेतलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. हात लावून पाहिला. कोरडा नव्हता. चाटल्यासारखा ओला होता, आणि एक थेंब शिल्लक नव्हता.

माकड असेल. माकडं आहेत तिथे.

उजव्या बाजूला परत पान्हा आला. मी काही न करता.

पिशवी उचलली आणि उतरायला लागले. मागे बघितलं नाही. भीती वाटत होती असं म्हणता येणार नाही. उजवा खांदा मात्र जड झाला होता. बाळ झोपलं की अंग सोडतं आणि वजन एकदम वाढतं, तसा.

माचीवर काशी दारातच उभी होती. मला बघून पायरी उतरून जवळ आली.

"झाली प्रार्थना?"

तिने इतकं हळू विचारलं की मला पुढे वाकावं लागलं.

"झाली. तुमचा घसा बसला का?"

"न्हाय गो." ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. तिने माझी ओढणी उचलली, उजव्या खांद्यावरून पुढे ओढली, कडा नीट बसवली. "ऊन लागंल," म्हणाली. मी सकाळी आले होते तेव्हा तिने उन्हाचं काही म्हटलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा अंगणात बेनितचं रडणं ऐकू आलं. इतकं बरं वाटलं. म्हणजे तो होता.

"दिवसभर हेच," माय म्हणाली. "पेज थुंकली माझ्या अंगावर. बापासारखाच हट्टी. घे तुझं रत्न."

मांडीवर घेतला. डावीकडे अधाशासारखा प्यायला. मग उजवीकडे लावला, तर त्याने तोंड फिरवलं. परत लावला. अंग ताठ केलं, पाय झाडले, आणि असा ओरडला की माय आतून धावत आली.

"काय लावून आलीस अंगाला? करवंदाचा चीक?"

साबणाने धुतलं. उपयोग नाही. त्या दिवसापासून तो उजवीकडे तोंड लावत नाही.

यालाही आता आठवडे झाले. बेनित पाळण्यात झोपलाय, माय मासळीला गेली आहे, तेवढ्यात हे लिहिते. मी आता रात्री झोपते. शब्द दिला होता, तो पाळलाय. फादर खूश आहेत. माय म्हणते देवाने ऐकलं, पोरगी माणसात आली. नर्सबाईंनी परवा बेनितला काट्यावर ठेवलं. काटा मागच्याच आकड्यावर थांबला. "एकाच बाजूचं पितो ना," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूचं आटलं असेल."

मी हो म्हटलं.

आटलेलं नाही. संध्याकाळी उजवी बाजू भरलेली असते, दुखते. पहाटे उठते तेव्हा मऊ आणि रिकामी असते, आणि कुडता कोरडा. डावीकडे भिंतीशी बेनित झोपलेला असतो. कधी झोप अर्धी उघडते तेव्हा उजवीकडे गारवा जाणवतो, अगदी कुशीला लागून. हात पुढे केला तर कळेल. पण अंधारात चाचपून बघणार नाही, असं मी देवाला सांगितलंय.

म्हणून हात लावत नाही. झोपताना थोडी भिंतीकडे सरकते, तेवढंच. उजवीकडे तेवढी जागा लागते.