तीन शिट्ट्या

विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. पण यातला शब्दन् शब्द मामाने स्वतः सांगितलाय, मान खाली घालून.

अठरा वर्षांपूर्वीचा डिसेंबर. रविवार. दुपार.

समुद्रातून सरळ वर उठलेला काळा डोंगर. जवळपास वस्ती नाही. होडी लावायला पायथ्याशी एकच खडक.

मामा आणि त्याचे दाजी तो डोंगर चढत होते. दाजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा. म्हणजे माझे बाबा.

लाटांच्या आवाजात तिथे हाक ऐकू जात नाही. म्हणून दोघांच्या गळ्यात शिट्टी. दोनदा वाजली की 'वर ये'. तीनदा वाजली की 'मदत'.

निम्म्यावर बाबांच्या पायाखालचा दगड निसटला. मांडीचं हाड मोडलं.

मामाने त्यांना कपारीत ओढलं. खिळा ठोकला, छातीभोवती दोर आवळला. बाबांच्या शिट्टीची नाडी मध्येमध्ये येत होती, ती काढून स्वतःच्या खिशात टाकली. आणि गडबडीत विसरला.

"दाजी, तासाभरात माणूस घेऊन येतो."

"लवकर ये रे. उशीर झाला तर तुझी ताई दोघांनाही घरात घेणार नाही."

खाली नावाडी घाईला आला होता. पाणी चढत होतं.

"जिवंत आहे का? असेल तर नाव बांधतो, दोघं वर जाऊ. नसेल तर उद्या बघू."

मामाने वर पाहिलं. तो कडा पुन्हा चढायचा... त्याने नावेत पाय टाकला.

"गेले," तो म्हणाला.

साडेतीनला नाव सुटली. आणि...

वरून शिट्टी आली.

एक... दोन... तीन.

नावाड्याने मान वळवली. "शिट्टी ना रे ती?"

"वारा आहे."

डोंगर मागे पडला, तरी आवाज बारीक होईना. थंडीने मामाने खिशात हात घातला...

बोटांना नाडी लागली.

बाबांची शिट्टी खिशात. त्याची स्वतःची गळ्यात. मग वर वाजत होती ती कुठली?

दुसऱ्या दिवशी चौघांनी बाबांना खाली आणलं. ओठ फुटले होते, काहीतरी धरल्यासारखे आवळलेले. डॉक्टर म्हणाले, जीव पहाटे गेलाय.

"मी पाहिलं तेव्हा श्वास नव्हता हो," मामा रडला. सगळ्यांनी त्याचीच समजूत काढली. आईने तर त्याला पोटाशी धरलं.

बाबांना तोंडाने शिट्टी कधीच वाजवता आली नाही. आई त्यांना त्यावरून चिडवायची.

तेव्हापासून मामा आमच्याकडेच राहतो. आई आधी त्याला वाढते, मग मला.

गेल्या महिन्यात त्याने ती शिट्टी माझ्या हातात ठेवली आणि सगळं ओकला. म्हणाला, दर रविवारी साडेतीनला ऐकू येते. इतकी वर्षं तीनदा यायची. आता...

दोनदा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिट्टी कपाटात टाकून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मामाला नवा दोर आणून दिला.

गेल्या रविवारी तो पहाटेच निघाला. आईला म्हणाला, "जरा डोंगर बघून येतो गं."

दुपारचे साडेतीन झाले. कपाटाला कुलूप. सगळ्या खिडक्या बंद.

एक... दोन... तीन.

आईने हातातलं शिवण खाली ठेवलं. "शिट्टी ना रे ती?"

"वारा आहे, आई."

तिने बंद खिडकीकडे पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे.

मामा अजून आलेला नाही. आई माझ्याशी बोलत नाही.

आज रविवार. सव्वातीन वाजलेत. आज ती किती वेळा वाजेल, ते मला ऐकायचं नाहीये.