आठ मायक्रॉनची तक्रार

ऑक्टोबर महिन्याच्या चौदा तारखेला, सोमवारी, दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी कारखान्याच्या टूलरूमच्या दारात एक पार्सल आले. खोक्यावर पत्त्याच्या चिठ्ठ्या चार होत्या आणि त्यांपैकी तीन खोडलेल्या होत्या. पार्सल चुकीच्या गावी जाऊन, तिथे आठवडाभर विसावा घेऊन, एकोणिसाव्या दिवशी पोहोचले होते. विक्रेत्याने पैसे मात्र बाराव्या दिवशीच परत केले होते.

ते मागवले होते टूलरूमच्या मुख्य तपासनीस बाईंनी. कारखान्यात तिला सगळे ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘मायक्रॉनताई’. नऊ वर्षांत तिने नोंदवहीत लिहिलेले एकही माप कधी मागे घ्यावे लागले नव्हते. हा तिचा अभिमान होता आणि तो लपवण्याची तिला गरज वाटत नसे.

खोक्यात मायक्रोमीटर होता, शंभर मिलिमीटरपर्यंत मोजणारा. यंत्र जुने, पण इतके निगुतीने दुरुस्त केलेले की तिने तो हातात घेतला आणि क्षणभर श्वास रोखला. फिरकी मधासारखी मऊ फिरत होती. सोबत हाताने लिहिलेले तपासणीपत्र होते. त्यातले आकडे एका ओळीत, एका उंचीचे.

वस्तू आली, पैसेही आले. ही गोष्ट तिला पायातल्या खड्यासारखी टोचू लागली. तिने संकेतस्थळ उघडले. ‘व्यवहार पूर्ण’ असे हिरव्या अक्षरांत लिहिले होते. तक्रारीसाठी बटणे सात होती. परत मिळालेले पैसे परत करण्यासाठी एकही नव्हते. शेवटी तिने तपासणीपत्रावरचा फोन क्रमांक लावला.

“मी तुमची गिऱ्हाईक बोलतेय. तुमचं पार्सल आलं.”

“आलं?” पलीकडचा आवाज तरुण होता. “मग उशिराबद्दल माफी असावी.”

“माफी राहू द्या. पैसे कुठे पाठवू ते सांगा.”

“कुठेच नको. बारा दिवसांत पोहोचलं नाही तर पैसे परत, हा माझा शब्द आहे.”

“आणि वस्तू घेतली तर मोल द्यायचं, ही माझ्या घरची शिस्त आहे. फुकटचं मी घेत नाही.”

“फुकटचं नाही हो ते. उशिराचा दंड समजा.”

“दंड मी ठरवलेला नाही.”

तो हसला. “तुम्ही भांडायला फोन केलाय की पैसे द्यायला?”

“दोन्ही जमतं मला.”

मग भांडण यंत्राकडे वळले. फिरकीचे आटे त्याने स्वतः घासून जुळवले होते, तीन रविवार लावून. तिने विचारले — कोणत्या पेस्टने? त्याने सांगितले. तिने आणखी विचारले, त्याने आणखी सांगितले... जेवणाचा डबा उघडायचा राहिला. खिडकीबाहेर पिंपळाची पाने वाऱ्यावर उलटसुलट होत होती आणि तिच्या डाव्या हातात फोन होता.

फोन ठेवल्यावर तिने तपासणीचा ठोकळा काढला. बरोबर शंभर मिलिमीटरचा, ज्याच्या मापाबद्दल शंका घ्यायची नसते असा. मायक्रोमीटर त्यावर लावला आणि ती चमकली. आठ मायक्रॉन कमी! मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; पण टूलरूममध्ये आठ हजारांश म्हणजे थोडेथोडके नव्हेत. तिने पुन्हा मोजले. तेच.

नियमाप्रमाणे तिने माप नोंदवहीत चढवले, यंत्राला लाल चिठ्ठी लावली आणि कपाटात बंद केले. वादातले उपकरण दोन्ही पक्षांसमोरच उघडायचे, मधे कोणी हात लावायचा नाही, अशी तिथली रीत होती. मग विक्रेत्याला तिने एका ओळीचा निरोप धाडला.

उत्तर तासाभराने आले: “शक्य नाही. शनिवारी येतो. दोष निघाला तर यंत्र घेऊन जाईन. नाही निघाला तर तुमचे पैसे घेईन. मंजूर?”

“मंजूर,” तिने कळवले. निरोप गेल्यावर तिला उमगले, की पैसे द्यायचे तर आता आपलेच माप चुकायला हवे.

मधल्या चार दिवसांत त्याचे पाच फोन आले. सगळे कामाचे. पत्ता, वेळ, खोलीचे तापमान... पाचव्यांदा त्याने तापमान दुसऱ्यांदा विचारले तेव्हा ती म्हणाली, “वीस अंश. मंगळवारीही वीसच सांगितलं होतं.”

“खात्री केलेली बरी —”

“यंत्राची की माझी?”

“दोन्हींची गरज नाही, हे कळलं आता.”

शनिवारी तो आला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, हातात स्वतःच्या ठोकळ्यांची लाकडी पेटी. दारातच थबकला.

“तपासनीस... तुम्ही?”

“का? शंका आहे?”

“नाही, मला वाटलं पन्नाशीच्या बाई असतील. इतक्या ठसक्यात आठ मायक्रॉन सांगणारं माणूस —”

“आणि मला वाटलं, तीन रविवार आटे घासणाऱ्याला चष्मा असेल.”

“आहे. खिशात आहे.” त्याने तो काढून डोळ्यांवर चढवला, आणि तिला उगाचच हसू आले.

टूलरूमचे प्रमुख, सगळ्यांचे फोरमनकाका, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले गृहस्थ, त्यांनी कपाट उघडले. यंत्र खोलीच्या तापमानाला यावे म्हणून पोलादी पाटावर ठेवून वीस मिनिटे थांबायचे होते. दोघे पाटाच्या दोन बाजूंना बसली. त्याने पेटीची कडी उगाच दोनदा लावली, दोनदा काढली. तिने नजर उचलली तर तोही तिच्याकडेच... मग दोघांनी भिंतीवरच्या तापमापकाकडे अत्यंत गांभीर्याने पाहिले.

“तो पळून जाणार नाही,” फोरमनकाका म्हणाले. “पारा म्हणतोय मी.”

वीस मिनिटे भरली. यंत्र स्टँडवर चढवून तिने स्वतः मोजले. शंभर पूर्णांक शून्य. त्याच्या ठोकळ्यावर — तेच. तिसऱ्यांदा — तेच.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नऊ वर्षे!

फोरमनकाकांनी घसा खाकरला. “सोमवारी एसी बंद असेल, ताई. तसं लिहून टाकू.”

तिने विक्रेत्याकडे पाहिले. तो विजयाने हसत असता तर सोपे गेले असते. पण तो पाटावरच्या यंत्राकडे पाहत होता. जणू त्यालाही तीच पळवाट तिच्यासाठी हवी होती.

“एसी चालू होता,” ती म्हणाली. “यंत्र माझ्या हातात होतं. मोजण्याआधी बराच वेळ. उबेनं त्याची कमान वाढली आणि माप कमी दिसलं.”

“तुमच्या हातात? नवशिक्यांना हातात यंत्र धरून बोलू नका म्हणून ओरडणाऱ्या तुम्ही?” फोरमनकाकांचा विश्वास बसेना.

“किती वेळ होतं हातात?” त्याने हळूच विचारले.

“बेचाळीस मिनिटं. तुमचा फोन चालू होता तोवर.”

“खाली का नाही ठेवलंत?”

तिने मान ताठ केली. “ठेवावंसं वाटलं नाही.”

फोरमनकाकांना अचानक बाहेरचे काम आठवले.

तिने नोंदवही ओढली आणि सोमवारच्या मापावर एकच सरळ रेघ मारली. खाली स्वच्छ अक्षरात लिहिले: ‘माप मागे घेतले. कारण — तपासनीसाच्या हाताची ऊब.’ सही केली. वही त्याच्याकडे वळवली.

त्याने ती ओळ वाचली. “नऊ वर्षांत पहिलीच खोडणी ना? मला बसमध्ये वाटत होतं, माझं यंत्र जिंकलं की मला ऐट वाटेल. वाटतेय... पण यंत्राची नाही.”

“मग कोणाची?”

“ही ओळ लिहिणाऱ्या बाई मला ओळखतात, याची.”

तिने फोन उघडून पूर्ण रक्कम पाठवली. त्याने ती स्वीकारली.

“झालं,” तो म्हणाला. “आता तुमचं माझ्याकडे काही नाही, माझं तुमच्याकडे काही नाही. आता विचारायला मोकळा.”

“काय?”

“सोमवारी फोन ठेवल्यावर मी एक यंत्र तीनदा खोललं आणि तीनदा चुकीचं जोडलं. हे असं किती दिवस चालवायचं?... पुढच्या शनिवारी येऊ?”

“कशासाठी? यंत्र तर बरोबर आहे.”

“यंत्रासाठी नाही.”

एसीच्या झोताने नोंदवहीचे पान फडफडले. तिने त्यावर तळहात ठेवला, आणि त्या हाताशेजारी त्याने आपला ठेवला — मधे एका बोटाचे अंतर राखून. ते अंतर तिनेच मिटवले.

“या,” ती म्हणाली. “पण उशीर करू नका. दंड मी ठरवेन.”

पुढच्या वर्षी मार्चच्या दहा तारखेला, सकाळी अकरा वाजता, विवाह नोंदणी कार्यालयात दोघांनी अर्ज पुढे सरकवला. साक्षीदारांत पहिले नाव फोरमनकाकांचे होते. कागदावर सह्या झाल्या पाच, खाडाखोड शून्य.