आज किती?

कऱ्हाडच्या दीर्घवेदना केंद्रात सकाळी कोणी कोणाला 'कसं काय?' असं विचारत नसे. 'आज किती?' असं विचारत. रुग्ण असो, शिपाई असो की संचालक, ज्याचं म्हणून काही दुखत होतं त्याच्या मानेला इशारापट्टी चिकटवलेली असायची आणि मनगटावरच्या घड्याळात तिचा आकडा दिसायचा. शून्य ते दहा. चहा येण्याआधी सगळ्यांचे आकडे सांगून व्हायचे.

"साडेसहा," संचालक डॉ. वैजयंती खानोलकर म्हणाल्या आणि बेतानं खुर्चीत टेकल्या. पट्टीचा शोध त्यांचाच, पाठदुखीही त्यांचीच. आताशा दोन्हींचा त्यांना सारखाच कंटाळा आला होता.

समोर हिंदुराव मुळीक उभे होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. त्यांचा मोडलेला मणका केव्हाच सांधला होता, दुखणं मात्र मुक्काम हलवत नव्हतं. येत्या रविवारी त्यांच्या मुलीचं, अश्लेषाचं, लग्न होतं. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं, तेही विधी संपेपर्यंत.

"घरची म्हणत्यात, धाकल्या भावाला बसवा," हिंदुराव म्हणाले. "पोरगी माझी आन् पाटावर त्यो? मला न्हाई सोसायचं मॅडम."

"धडा आठवतोय ना? वेदना म्हणजे काय?"

शाळेतल्यासारखे हात मागे बांधून हिंदुरावांनी म्हणून दाखवलं, "वेदना म्हंजी इजा न्हवं. म्हंजी मेंदूनं बांधलेला धोक्याचा अंदाज. त्या अंदाजासाठी मेंदू मिळंल तिथनं पुरावा गोळा करतो. नसांकडनं, जुन्या आठवणींकडनं, डागदरच्या तोंडाकडं बघूनसुदिक."

"बरोबर. पट्टी तो अंदाज वाचते. आकडा पाचाच्या खाली असेल तर पुढची पायरी. वर गेला की थांबायचं."

पायऱ्या म्हणजे घडी घातलेल्या सतरंज्यांची चवड. पहिल्या दिवशी ती खुर्चीएवढी उंच होती. थोडं थोडं बसायला शिकत हिंदुरावांनी एकेक सतरंजी कमी केली होती. आता एकच उरली होती आणि तिच्यापाशी ते गेले कित्येक दिवस अडले होते. बसायला वाकले की नजर मनगटावर जायची. चार, साडेचार, सहा. मग उठायचं. आजही तेच झालं. कपाळावरचा घाम पुसत ते निघून गेले.

"शेवटच्या पायरीवर सगळेच अडकतात," पट्टीची गणितं सांभाळणारे डॉ. इर्शाद मुजावर म्हणाले. "सांगली, मिरजेच्या केंद्रांतही हेच. आजाराचा स्वभावच दिसतो."

"असेल," वैजयंतीबाई म्हणाल्या. वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

रविवारी लग्नाला जायचं त्यांनी पाठदुखीचं कारण सांगून टाळलं आणि केंद्रात येऊन बसल्या. मुजावरही आले होते. पडद्यावर सगळ्यांचे आकडे हलत होते. हिंदुरावांची ओळ मात्र सकाळपासून कोरी होती. वैजयंतीबाई त्यांना फोन लावत राहिल्या. मांडवात कोसळले की काय? दुपारी एकदाचा फोन लागला.

"मॅडम, रागावू नका," मागे सनईचा गलबला होता. "सकाळी पोरींनी हळद खेळताना माझ्या मानंला बी फासली. पट्टी पिवळी झाली, मी नळाखाली धुतली, ती बंदच पडली. नव्या पट्टीचं पैसं भरतो मी."

"ते जाऊ द्या! पाटावर कोण बसलं?"

"म्या बसलो की. दुखलं थोडं. पर आकडाच न्हवता, मग थांबायचं कवा ते कळंना. पोरीकडं बघत बसलो. विधी कवा उरकला ध्यानातच आलं न्हाई." आणि तो राकट माणूस फोनवर ढसाढसा रडला.

फोन ठेवून वैजयंतीबाईंनी मुजावरांना सगळं सांगितलं.

"योगायोग असेल," मुजावर म्हणाले.

"धडा म्हणा बरं, इर्शाद. पुरावा कुठून गोळा करतो मेंदू?"

"मिळेल तिथून," मुजावर म्हणाले आणि त्यांची नजर स्वतःच्या मनगटावरच्या आकड्याकडे गेली. "आकडा वाढलेला दिसला की मेंदूला आणखी एक पुरावा मिळतो. मग आकडा आणखी वाढतो. अरे देवा! शेवटच्या पायरीवर त्यांना अडवलं आपणच."

"इतकी वर्षं."

"पण मॅडम, हे सिद्ध कसं करणार? पट्टी काढली की दुखणं उतरतं, हे मोजायला पट्टीच लावावी लागेल."

वैजयंतीबाईंना रडावंसं वाटलं, आणि रडायचाही कंटाळा आला. आयुष्याची कमाई म्हणून जे जपलं, त्यानंच माणसांना पाटाच्या वीतभर वर लटकत ठेवलं होतं. त्यांनी मानेवरची पट्टी ओढून काढली. खालची कातडी पांढरी पडली होती.

"मग सिद्ध नाही करायचं," त्या म्हणाल्या. "उद्या सगळ्यांना बोलवा. पट्ट्या काढा म्हणून मी स्वतः सांगते."

सोमवारी हिंदुराव लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन आले. सवयीनं दारातूनच म्हणाले, "मॅडम, आज किती?"

"माहीत नाही हो. लाडू कोणी वळले, ते सांगा."

हिंदुराव जमिनीवर मांडी घालून बसले आणि आचाऱ्याची गोष्ट सांगू लागले. वैजयंतीबाई खुर्चीचा हात धरून उठल्या, हळूहळू वाकल्या आणि त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या. पाठ दुखत होती. त्या लाडू खात ऐकत राहिल्या.