आतल्या आत तुटणारा निरोप

"पोरींनो, हे हार्मोन पेशीच्या आत येतच नाही! दारातच थांबतं... आणि तरी घरभर खबर होते."

कॉलेजातल्या बाईंचा तो खणखणीत आवाज अजून कानात आहे. दारात उभा असतो रिसेप्टर. एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला हार्मोन बिलगलं, की आतलं टोक एन्झाइमचं काम करू लागतं, निरोपाचे नवे रेणू घडवतं.

त्याच निरोपाच्या मागे मी प्रयोगशाळेत लागले. माझ्याकडे मूत्रपिंडाच्या पेशी, आणि त्यांच्या दाराशी येणारं हार्मोन थेट हृदयातलं! एकदा शीतखोलीचं दार ओढलं, तर आत कुडकुडत एकजण उभा.

"कडी आतून उघडेना... देवासारख्या आलात. मी समोरच्या लॅबमधला, हृदयवाला."

"हृदयवाल्यांचे ओठ इतके निळे?"

"हसा, हसा. चहा पाजलात तर होतील लाल."

मग रोजच चहा होऊ लागला. आणि त्याला दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं. जिन्यात थांबून तो हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणालात तर... नाही जाणार."

मी हातातल्या चहाच्या कपात बघत म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा."

"अगं, किती मूग गिळशील!" हे ऐकून माझी वहिनी फोनवर करवादली.

आज त्याला नोकरीवाल्यांना उत्तर कळवायचं होतं. तो माझ्या टेबलाशी आला, तेव्हा पडद्यावर निरोपाच्या रेणूंचा आकडा पुन्हा शून्य.

"रिसेप्टर मेला वाटतं," मी म्हटलं.

तो वाकून बघू लागला. "निरोप तोडणारं दुसरं एन्झाइम असतं ना आत... त्याला थोपवणारं औषध घातलंत?"

मी जीभ चावली. "अय्या!"

"मग रिसेप्टर बिचारा ठणठणीत आहे." त्याचा आवाज उतरला. "निरोप बनतोय हो. आतल्या आत तुकडे होतायत त्याचे... बाहेरच्याला कसं कळणार?"

माझे कान तापले. ते दुसरं एन्झाइम माझ्यात जरा जास्तच असावं!

"येतो," तो म्हणाला. "त्यांना 'हो' कळवून टाकतो."

तो दारापाशी पोचला. शब्द घशाशी आले... नेहमीसारखे विरघळू लागले —

"ऐका ना!"

तो वळला.

"जिन्यात मी म्हणाले ते... खोटं होतं. जाऊ नका. मला... मला तुम्ही हवे आहात."