परत न आलेला पाव

सकाळी आठच्या ठोक्याला तिसऱ्या मजल्यावरून टोपली खाली आली. दुकानवाल्या मावशींनी चिठ्ठी वाचली. मग ताजा पाव बाजूला सारून तीन दिवसांचा शिळा, कडक पाव मुद्दाम टोपलीत ठेवला आणि दोरीला हिसका दिला. टोपली वर गेली. पडदा हलला, हात मात्र दिसला नाही.

मावशी वर बघत उभ्या राहिल्या. अर्धा तास झाला तरी वरून हूं की चूं नाही. त्यांनी पोलीस चौकीला फोन लावला.

"साहेब, लगेच या. वरच्या मास्तरीणबाईंचं काही खरं नाही."

फौजदार आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "तक्रार काय आहे, मावशी?"

"बाईंची तक्रार येत नाही, हीच माझी तक्रार."

मावशींना भ्रम झालाय, असं फौजदारांना वाटलं. तरी ते जिना चढले, मागोमाग मावशीही. महिन्यापूर्वी राहायला आलेल्या बाईंच्या पुतण्यानं दार वीतभर उघडलं आणि तोंडभर हसला.

"काकू कशा आहेत?" फौजदारांनी विचारलं.

"ठणठणीत! फक्त कुणाला भेटायचं नाही म्हणते."

"टोपली कोण सोडतं?"

"तीच. मला हात लावू देईल तर शपथ."

"आणि सामान?" मावशींनी मध्येच विचारलं. "ते कोण काढतं?"

"तीच काढते, तीच ठेवते. अहो, ही काय उलटतपासणी?"

म्हातारं माणूस, एकेकाचा स्वभाव. फौजदार माघारी वळले. मावशींनी मात्र दारात पाय घातला.

"थांबा साहेब. हा खोटं बोलतोय. तीस वर्षं मी या गल्लीला सामान देते. तांदळात एक खडा निघू दे, बाई खिडकीतून माझा असा उद्धार करतात की सगळी गल्ली गोळा होते! माझी एक चूक त्यांनी कधी पोटात घातली नाही. आठवडाभर ओरडा ऐकू आला नाही, तेव्हाच मला शंका आली. म्हणून परवा मुद्दाम भुगा झालेली बिस्किटं दिली. काल वासाचा साबण दिला, त्यानं त्यांना खाज सुटते. आज हा पाव, आणि बाईंच्या तोंडात एकही दात नाही. काही परत आलं? सामान बाईंनी काढलं असतं तर मला आज गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. टोपली हाच ओढतोय. चिठ्ठ्या तेवढ्या त्यांच्याकडून लिहून घेतो."

पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो दार लोटायला गेला, पण फौजदारांनी खांदा लावला होता.

आतल्या बिनखिडकीच्या खोलीला बाहेरून कडी होती. शेजारच्या टेबलावर घर पुतण्याच्या नावे करायचे कागद पडले होते, सहीची जागा कोरी. मावशींनी कडी काढली.

आत काळोख आणि कुबट वास. खाटेवरचं पांघरूण हलत नव्हतं.

"बाई?"

उशीर झाला, आपण कालच फोन करायला हवा होता, असं मावशींच्या मनात आलं आणि त्यांना रडू फुटलं.

तेवढ्यात पांघरुणातून एक हाडकुळा हात बाहेर आला. हातात पाव होता, त्याचा तुकडाही मोडलेला नव्हता.

"अगं मेले, हा पाव आहे की वीट? आधी बदलून आण!"