दिवाकरची फुंकर

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा नववीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण दिवाकरची गोष्ट साध्या शब्दांत सांगितलेलीच बरी.

दिवाकर रायपुरात भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात माल उतरवायचा, राहायचा गुढियारीत. वडील रेल्वेत होते. ते गेले, मागोमाग आईला लकवा मारला, आणि दिवाकरचं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. धाकटा निरंजन मात्र शिकला. नव्या रायपूरच्या एका कॉलेजात रोबोटिक्सच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पोचला.

आईचे, इंदूबाईंचे, दोन्ही हात उचलले जात नव्हते. रोज दुपारी दिवाकर सायकल हाणत घरी यायचा आणि आईला मुगाची खिचडी भरवायचा. चमचा भरायचा, आपल्या ओठांपाशी न्यायचा, फुंकर घालायची, मग आईच्या तोंडात.

उन्हाळ्यात निरंजनने कॉलेजातून प्रोजेक्टसाठी बनवलेला एक यांत्रिक हात घरी आणला. कोपर, मनगट, दोन बोटं आणि बोटांत चमचा. आईच्या पलंगाशेजारच्या टेबलाला तो घट्ट आवळून बसवला.

“भैया, मी तर आईले कधी भरवलंच नाही. तू याचं मनगट धर अन् रोजच्यासारखं भरव. तुझा हात जसा फिरन, तसाच याच्या ध्यानात राहीन.”

दिवाकरने भरवलं. मग निरंजनने बटण दाबलं. हाताने एकट्याने चमचा भरला, वर उचलला आणि मध्येच हवेत थांबला. तिथे कोणीच नव्हतं.

“इथं काहून थांबते हा?”

“तिथं मी फुंकतो.”

निरंजन हसला. “मशीनले तोंड आहे का, भैया? सर नंबर कापतील. काढून टाकतो.”

त्याने लॅपटॉपवर ते थांबणं पुसून टाकलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. दिवाकरने हळूच ते थंड मनगट धरलं. “एवढं तरी माझं ठेव...” तो पुटपुटला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

निरंजनचा प्रोजेक्ट पहिला आला. पेपरात फोटो छापून आला. आई, यंत्राचा हात आणि शेजारी निरंजन. उजेड यावा म्हणून दिवाकर खिडकीचा पडदा धरून उभा होता, तो फोटोत आलाच नाही. शेजारच्या शारदाकाकूंनी पेपर साऱ्या पाऱ्यात, घरोघरी फिरवला. “पोट्ट्यानं नाव काढलं,” त्या म्हणायच्या. आई म्हणायची, “मी आता निरूच्या हातानं जेवते.”

हात माझा, आणि नाव त्याचं. आता दुपारी घरी जायची गरज नव्हती; गोदामातल्या पोत्यांवर बसून डबा खाताना दिवाकरच्या मनात हेच घोळायचं.

एके दिवशी त्याला राहवेना. आज यंत्राच्या आधी आपणच भरवायचं, असं ठरवून तो लवकर निघाला. भर दुपारची गरम लू वाहत होती. गुढियारीत लाइट गेलेली. एकाही घरातून कूलरची घरघर नव्हती, कुत्रीसुद्धा नाल्यांत गप्प पडलेली. दारातच शारदाकाकू भेटल्या.

“बरं झालं, आला तू. लाइट नाही, मशीन बंद पडून आहे. वाटी गरम करून ठेवली, तूच भरव.”

दिवाकरला किती बरं वाटलं. तो आत शिरला. पडदा ओढलेल्या खोलीत अंधुक उजेड होता. हिंगाचा आणि तापलेल्या धुळीचा वास होता. आणि त्या शांततेत एक बारीक आवाज चालू होता... घर्र... घर्र...

यंत्राचा हात चमचा भरत होता. त्याची वायर गुंडाळून खुंटीला टांगलेली होती.

चमचा वर आला. हवेत थांबला. खिचडीची सरळ वर जाणारी वाफ एका बाजूला वाकली... कोणी फुंकर घालावी तशी. मग आईने तोंड उघडलं आणि घास घेतला.

“दिवाकर, आज लवकर आला रे बाबा,” ती म्हणाली. तिचं तोंड दाराकडे नव्हतं.

भीती त्याला नंतर वाटली. आधी पोटात पेटला तो मत्सर. त्याच्या हातून जेवताना आईने त्याचं नाव इतक्या मायेने कधी घेतलं नव्हतं.

“आई... मी इथं आहे.”

तिने मान वळवली. पाहुण्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. मग यंत्राकडे वळून हळू आवाजात विचारलं, “कोण आलं रे, दिवाकर...?”

चमचा पुन्हा वर आला. वाफ पुन्हा वाकली.

संध्याकाळी निरंजन आला, तेव्हा दिवाकरने तो हात त्याला परत न्यायला लावला. टेबलाचे स्क्रू काढता काढता निरंजन म्हणाला, “भैया, ते थांबणं तर मी तेव्हाच काढलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाकरने खिचडी टाकली. मोकळ्या टेबलाला पाठ करून आईजवळ बसला. चमचा भरून तिच्यापुढे धरला. तिने ओठ मिटून घेतले आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली.

“गरम आहे,” ती म्हणाली. “दिवाकर फुंकून देते.”

दिवाकरने चमचा आपल्या ओठांपाशी नेला आणि फुंकर घातली. मग गाल फुगवून पुन्हा घातली.

वाफ सरळ वर जात राहिली.