कपाळावरची काजळी

हे मी तोंडाने सांगू शकत नाही, म्हणून लिहिते आहे. दिवा जवळ घेऊन वाचा.

आमच्या गावाच्या दवाखान्यात क्षयाचा वॉर्ड सगळ्यात मागे आहे, कोळशाच्या ढिगाऱ्यापलीकडे. त्या दिवशी मी तिथे फक्त निकाल ऐकायला गेले होते. माझा घसा गवत पिवळं पडल्यापासून दुखत होता. शाळेच्या डॉक्टरांनी टॉन्सिल सुजलेत म्हणून गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या संपल्या, दुखणं राहिलं. बयरमा डॉक्टरांनी मात्र जीभ दाबून बराच वेळ पाहिलं. सूज फक्त डावीकडे होती, त्यावर पांढरट व्रण, आणि मानेत त्याच बाजूला गाठ. कॅन्सर तर नाही ना, म्हणून त्यांनी घसा बधिर करून डाव्या टॉन्सिलचा एक लहानसा तुकडा तपासायला काढला होता.

"क्षय आहे, टॉन्सिलचा," त्या म्हणाल्या. "असा सहसा दिसत नाही. घरात कुणाला खोकला?"

"कुणालाच नाही," त्सेवेल मावशी म्हणाली.

मी मावशीकडे पाहिलं. तिची लेक अंखमा वर्षभर खोकत होती, आणि आई गेल्यापासून मी अंखमाच्याच पांघरुणात झोपत होते.

"अंखमाला आहे," मी म्हणाले. मोठ्या माणसांच्या मध्ये मी कधी बोलत नाही.

अंखमाची दोन्ही फुफ्फुसं खराब निघाली. आम्हाला एकाच खोलीत ठेवलं. सहा महिने गोळ्या, नर्ससमोर गिळायच्या. माझा ताप हळूहळू उतरला. अंखमाचा उतरेना.

मावशी रोज दिवेलागणीच्या आधी मटणाचा रस्सा घेऊन यायची. सोबत एका डबीत पातेल्याच्या बुडाची काजळी. अंधारात बाहेर नेताना लहान मुलांच्या कपाळाला लावतात, ती.

"आई, आम्ही काय तान्ह्या आहोत?" अंखमा म्हणायची.

"गप बस. अंधारात जे फिरतं, त्याला या रेघेमुळे ससा दिसलेला बरा. माणसाचं पोर दिसलं, की मागे लागतं."

"मी ससा. ही सोयोल मेंढी. बोलत नाही, नुसती बघते."

मावशी हसायची आणि दोघींच्या कपाळावर बोट ओढायची.

मावशी गेली की खिडकी निळी व्हायची आणि ती बाई यायची. पांढरा कोट, पायात लोकरी जोडे. ओल्या लोकरीचा आणि नासलेल्या दुधाचा वास आधी यायचा. ती अंखमाच्या खाटेवर वाकायची, कपाळ बघायची, थोडा वेळ थांबायची, निघून जायची. नर्सला विचारलं तर म्हणाली, "या वेळेला कुठली डॉक्टर? तापात दिसतं तसलं."

"काल ती जास्त वेळ थांबली," अंखमाने आईला सांगितलं. "जाताना म्हणाली, एक तरी मुलगी असेलच इथे..."

मावशीने रश्शाच्या डब्याचं झाकण हळूहळू लावलं.

त्या संध्याकाळी तिने आम्हा दोघींना काजळी लावली. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळ हुंगलं. मोठी माणसं आपल्या लेकरांचं हुंगतात तसं. माझं तिने कधीच हुंगलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, की तिचा अंगठा माझ्या कपाळावरून घट्ट फिरला त्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं. तोवर ती मागे न बघता निघून गेली होती. डबीही घेऊन.

खिडकीच्या काचेत मी पाहिलं. अंखमाच्या कपाळावर काळी रेघ होती. माझं कपाळ स्वच्छ होतं.

"अंखमा... तुझ्यातली थोडी दे ना."

अंखमाने तळहाताने कपाळ झाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"झोप ना, सोयोल."

तिला माहीत होतं.

वास आला. लोकरी जोडे अंखमाच्या खाटेपाशी थांबले.

"हा ससा," आवाज म्हातारा होता, सावकाश. मग जोडे माझ्याकडे वळले. "आणि ही... आ कर, बाळ."

मी दात आवळले. तरी तोंड उघडलं. जिभेवर गार लोखंडाची चव आली. दुखलं मात्र काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी अंखमाचा ताप उतरला. ती दोन वाट्या रस्सा प्यायली. बयरमा डॉक्टर खूश होत्या. पुढच्या तपासणीला त्यांनी माझ्या तोंडात टॉर्च धरला, आणि तो तसाच धरून राहिल्या.

"डावं टॉन्सिल कुणी काढलं?"

"काय झालं?" मावशी म्हणाली.

"नाहीच आहे ते. जखम नाही, टाका नाही. जागा कधीची भरून आलीय."

"लहानपणीच काढलं होतं तिचं," मावशी म्हणाली. तिचे डोळे जमिनीवर होते.

"मग मी तुकडा कशाचा काढला, बाई? त्या तुकड्याची काचपट्टी आहे माझ्याकडे." त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग, सोयोल. घाबरू नकोस."

मला सगळं सांगायचं होतं. कपाळ, अंगठा, अंखमाचा तळहात. मी तोंड उघडलं.

"लहानपणीच काढलं," माझ्या घशातून आवाज आला. म्हातारा, सावकाश. "त्सेवेल बरोबर सांगतेय."

डॉक्टर एक पाऊल मागे सरल्या. मावशीला मात्र आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिने डबा खाली ठेवला, बाह्या नीट केल्या, आणि घरात वडीलधारं माणूस आल्यावर उठतात तशी ती माझ्यासमोर उठून उभी राहिली.